निडोजेनची पकड

मूत्रपिंडाचा पातळ काप पीएएस रंगाने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की बहुतेकांची नजर आधी ग्लोमेरुलसकडे जाते, म्हणजे रक्त गाळणाऱ्या केशवाहिन्यांच्या गुच्छाकडे. माझी नजर जाते बाजूच्या नलिकांच्या कडेला. प्रत्येक नलिकेभोवती एक किरमिजी रेघ फिरलेली असते. आत पेशी दाटीने उभ्या, बाहेर संयोजी ऊती आणि रक्तवाहिन्या, आणि दोहोंच्या मधली हद्द म्हणजे ही रेघ. पीएएस साखरेचे रेणू जडलेल्या पदार्थांना धरतो, आणि या रेघेतली बहुतेक प्रथिनं अंगावर साखर वागवणारी आहेत, म्हणून ती इतकी ठसठशीत उठते.

ही बेसमेंट मेम्ब्रेन. मी तिला आधारपटल म्हणेन. शरीरात जिथे जिथे पेशींचा थर आहे तिथे त्याच्या तळाशी ते असतं: त्वचेखाली, आतड्याच्या अस्तराखाली, फुप्फुसाच्या वायुकोशांभोवती, रक्तवाहिन्यांच्या आतल्या थराखाली. स्नायूच्या प्रत्येक तंतूला, चरबीच्या प्रत्येक पेशीला, मज्जातंतूभोवतीच्या श्वॉन (Schwann) पेशींना तर ते चहूबाजूंनी वेढतं. बहुतेक ठिकाणी त्याची जाडी ५० ते १०० नॅनोमीटर. एका मिलिमीटरात असे दहा-वीस हजार थर मावतील. एवढ्याशा पडद्यावर डॉक्टरांचे केवढे निर्णय अवलंबून असतात! कर्करोगाच्या पेशी जोवर या पडद्याच्या अलीकडे आहेत तोवर अहवालात ‘इन सिटू’, म्हणजे जागच्या जागी, लिहिलं जातं. पडदा ओलांडला की शब्द बदलतो, आणि पुढचे उपचारही.

हा पडदा चार मोठ्या घटकांनी बनतो. लॅमिनिन, कोलॅजेन-४, पर्लेकॅन आणि निडोजेन. पहिल्या दोघांवर पुस्तकांची पानंच्या पानं आहेत. पर्लेकॅन आकाराने इतकं प्रचंड की त्याची दखल घ्यावीच लागते. निडोजेन उरतं चित्राच्या एका कोपऱ्यात, दोन जाळ्यांच्या मध्ये काढलेल्या एका छोट्या ठिपक्यासारखं. मला या प्रथिनाबद्दल लिहायचं आहे, कारण रेणू एकमेकांना धरतात म्हणजे नेमकं काय करतात, हे मला ज्या थोड्या रेणूंनी नीट समजावलं त्यांत निडोजेन फार वर आहे.

या पडद्याचा अभ्यास अवघड का होता, हे आधी सांगायला हवं. शरीरात आधारपटल सगळीकडे आहे, पण सगळीकडे थोडंथोडं. शिवाय ते आडव्या बंधांनी असं घट्ट विणलेलं असतं की विरघळवायला गेलं तर तुकडे हाती येतात, अख्खे रेणू नाही. वाट सापडली ती उंदराच्या एका गाठीमुळे, म्हणजे ट्यूमरमुळे. एंगलब्रेथ-होम-स्वॉर्म, थोडक्यात ईएचएस, या नावाने ओळखली जाणारी ही गाठ आधारपटलाचे घटक भरमसाट स्रवते. तिच्यातूनच १९७९ साली रुपर्ट टिंपल आणि सहकाऱ्यांनी लॅमिनिन वेगळं केलं. आज प्रयोगशाळांमध्ये पेशी वाढवायला मॅट्रिजेल म्हणून जे वापरतात तो याच गाठीचा अर्क.

मॅट्रिजेल ज्यांनी हाताळलं आहे त्यांना त्याचा स्वभाव माहीत असतो. कुपी रात्रभर बर्फात ठेवून सावकाश वितळवायची. पिपेटची टोकं आधीच गार करून ठेवायची, प्लेटसुद्धा गार. थंड असेतो तो पाकासारखा दाट, किंचित गुलाबी-पिवळसर द्रव असतो आणि पिपेटच्या भिंतीला चिकटत चिकटत खाली उतरतो. प्लेट ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये गेली की अर्ध्या तासात तो थिजतो. मग प्लेट कलती केली तरी पृष्ठभाग हलत नाही. सहसा उष्णतेने गोष्टी पातळ होतात. इथे उलट, ऊब मिळाली की रेणू एकमेकांना शोधतात आणि धरून बसतात. बाहेरून कुणी काही जोडलेलं नसतं. त्या थेंबात ढोबळमानाने ६० टक्के लॅमिनिन, ३० टक्के कोलॅजेन-४ आणि जेमतेम ८ टक्के निडोजेन. मला या तिसऱ्या आकड्याचं नेहमी कुतूहल वाटत आलं आहे. वजनाने तो कमी दिसतो, पण लॅमिनिनचा रेणू निडोजेनच्या पाच-सहा पट जड आहे. रेणू मोजायला बसलं तर दोघं जवळपास एकास एक निघतात.

निडोजेनचा शोध दोनदा लागला. १९८१ साली एका गटाने पेशींच्या संवर्धनातून ते वेगळं काढून त्याला एन्टॅक्टिन म्हटलं. १९८३ साली टिंपल यांच्या गटाला ईएचएस गाठीतून एक प्रथिन मिळालं, त्याला त्यांनी निडोजेन म्हटलं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी दोन्हींचा अमिनो आम्लांचा क्रम हाती आला तेव्हा प्रथिन एकच असल्याचं दिसलं. सुरुवातीला लोकांना मिळाले ते त्याचे तुकडेच, कारण हे प्रथिन कमालीचं नाजूक आहे. प्रथिनं कापणाऱ्या एन्झाइमांपुढे आधारपटलातलं जे आधी तुटतं ते हेच.

१९८७ मध्ये एक साधी युक्ती कामी आली. ऊतींमधून प्रथिनं काढायला तोवर जहाल द्रावणं वापरत, त्यांत रेणूंचे आकारच विस्कटून जात. त्याऐवजी ईडीटीए वापरलं. हा पदार्थ कॅल्शियमला पकडून बाजूला करतो, बाकी कशाला धक्का लावत नाही. कॅल्शियम गेलं आणि लॅमिनिन विरघळून बाहेर आलं, पण एकटं नाही. त्याच्या प्रत्येक रेणूला निडोजेनचा एक रेणू धरून होता. याचा अर्थ लॅमिनिन आणि लॅमिनिन यांच्यातला बंध कॅल्शियमवर अवलंबून आहे, लॅमिनिन आणि निडोजेन यांच्यातला नाही. एका मिठासारख्या पदार्थाने दोन नाती वेगळी करून दाखवली. असे प्रयोग वाचताना मला फार आनंद होतो.

आता दोघांच्या बांध्याकडे.

लॅमिनिन तीन साखळ्यांचं बनतं: अल्फा, बीटा, गॅमा. माणसात अल्फाचे पाच, बीटाचे तीन आणि गॅमाचे तीन प्रकार आहेत, आणि त्यांच्या जुळण्यांतून सोळाच्या आसपास लॅमिनिनं ओळखली गेली आहेत. नावात आता तिन्ही साखळ्यांचे क्रमांक येतात. लॅमिनिन-१११ गर्भात आणि ईएचएस गाठीत, लॅमिनिन-२११ स्नायूंत, लॅमिनिन-३३२ त्वचेखाली. १९८१ साली युर्गेन एंगेल आणि सहकाऱ्यांनी या रेणूंवर धातूची बारीक फवारणी करून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तेव्हा क्रूसाचा आकार दिसला: तीन आखूड हात आणि एक लांब हात, लांब हाताची लांबी सुमारे ७७ नॅनोमीटर. लांब हातात तिन्ही साखळ्या एकमेकींना पीळ घालून जातात. त्याच्या टोकाशी अल्फा साखळीचे पाच गोलसर भाग आहेत, आणि पेशी लॅमिनिनला धरते ती मुख्यतः तिथेच, इंटेग्रिन आणि डिस्ट्रोग्लायकॅन या ग्राहींनी, म्हणजे तिच्या पृष्ठभागावरच्या पकडणाऱ्या प्रथिनांनी. तिन्ही आखूड हातांच्या टोकांना एकेक गाठ असते. शेजारच्या तीन रेणूंचे अल्फा, बीटा आणि गॅमा हात कॅल्शियमच्या साक्षीने या गाठींशी एकत्र येतात, आणि असं घडत घडत जाळं तयार होतं.

गर्भात आधी येतं ते लॅमिनिन. ज्याला गॅमा-१ साखळीच नाही असा उंदराचा गर्भ साडेपाचव्या दिवसाच्या सुमारास थांबतो. कोलॅजेन-४ नसलेला गर्भ त्याच्या जवळजवळ दुप्पट काळ, साडेदहा-अकराव्या दिवसापर्यंत, तग धरतो. त्यात सुरुवातीचं आधारपटल बनतंही, पुढे ताण वाढला की मात्र फाटतं. कोलॅजेनचं जाळं मजबुतीसाठी आहे. त्याच्या टोकांमधले काही बंध पक्के व्हायला ब्रोमीन लागतं, हे २०१४ मध्ये कळलं. ब्रोमीनसारख्या मूलद्रव्याला प्राण्यांच्या शरीरात नेमकं काम आहे हे तोवर कुणालाच ठाऊक नव्हतं. पण तो वेगळा विषय झाला.

निडोजेन त्या मानाने आटोपशीर आहे. एकच साखळी, सुमारे १,२०० अमिनो आम्लं, वजन १५० किलोडाल्टनच्या आसपास (एक डाल्टन म्हणजे साधारण हायड्रोजनच्या एका अणूचं वजन), लांबी अंदाजे ३० नॅनोमीटर. तिच्यावर तीन गोल आहेत: जी-१, जी-२, जी-३. पहिल्या दोन गोलांमधला जोड लवचिक, तर जी-२ आणि जी-३ यांच्यामधला दांडीसारखा. एन्झाइम सहसा पहिला घाव घालतात तो त्या लवचिक जोडावर. कामाची वाटणीही स्पष्ट आहे. जी-३ लॅमिनिनला धरतो. जी-२ कोलॅजेन-४ आणि पर्लेकॅनला धरतो.

आता पकड कुठे आहे ते पाहू. लॅमिनिनच्या आखूड हातांवर छोटे छोटे घटक ओळीने लागलेले असतात. प्रत्येकात पन्नास-साठ अमिनो आम्लं, आणि सिस्टीन या गंधकयुक्त अमिनो आम्लाच्या आठ रेणूंनी जुळवलेले चार गंधक-बंध. असे घटक तिन्ही हातांवर आहेत, दिसायला सारखेच. १९९३ मध्ये टिंपल यांच्या गटाने दाखवलं की यांपैकी फक्त एक, गॅमा-१ साखळीवरचा एकच घटक, निडोजेनला धरतो. बाकी सगळं लॅमिनिन काढून टाकलं आणि तेवढाच घटक वेगळा तयार केला, तरी पकड जवळपास तेवढीच. पुढच्या वर्षी त्या घटकातलं एकेक अमिनो आम्ल बदलून पाहिलं गेलं. पकडीचा गाभा एका छोट्या वळणात सापडला, सलग सात अमिनो आम्लांच्या तुकड्यात, आणि त्यातली तीन खरी महत्त्वाची: ८०० क्रमांकाचं अ‍ॅस्पार्टिक आम्ल, ८०२ वरचं अ‍ॅस्पॅराजिन, ८०४ वरचं व्हॅलिन. आठ-नऊशे किलोडाल्टनच्या रेणूत तीन अमिनो आम्लं! आणि त्यांच्या भरवशावरची पकड एक नॅनोमोलरच्याही आतली. म्हणजे द्रावण खूप विरळ केलं तरी हे दोघं एकमेकांना शोधतात आणि सोडत नाहीत.

याचा दुसरा पुरावा निसर्गाने आधीच देऊन ठेवला आहे. त्वचेखालच्या लॅमिनिन-३३२ मध्ये गॅमा-१ ऐवजी गॅमा-२ साखळी असते. तिच्यावरही तसाच घटक आहे, वळणही तसंच, पण मोक्याच्या दोन जागी सेरीन हे दुसरंच अमिनो आम्ल बसलेलं. तेवढ्याने निडोजेनची पकड ढासळते. मला हे उदाहरण फार बोलकं वाटतं. संपूर्ण साखळी बदलली, हजाराहून जास्त अमिनो आम्लांत इकडेतिकडे फरक पडले, पण निडोजेनच्या दृष्टीने हिशेब दोन जागांचाच.

पकडीचं प्रत्यक्ष चित्र २००३ मध्ये नेचर नियतकालिकात आलं. ते मी आजही कधीकधी प्रोटीन डेटा बँकेतून, म्हणजे प्रथिनांच्या रचनांच्या खुल्या संग्रहातून, उघडून बसतो, ‘१एनपीई’ या क्रमांकाखाली. पडद्यावर जी-३ फिरवत वरून पाहिलं की सहा पाती एका मध्याभोवती मांडलेली दिसतात. या रचनेला बीटा-प्रोपेलर म्हणतात. मध्यभागी आरपार एक पोकळी आहे, पाण्याच्या रेणूंनी भरलेली. वरच्या बाजूला पाती किंचित खोलगट होत जातात आणि एक रुंद, उतरत्या कडांची बैठक तयार होते. लॅमिनिनचा तो घटक बरोबर या बैठकीच्या मध्यावर उतरतो, त्याच्या शेजारचा घटक काठावर टेकतो. आणि जिथे पोकळीचं तोंड उघडं राहिलं असतं तिथे फिनाइलअ‍ॅलनिन या अमिनो आम्लाचं एक वलय आडवं येऊन ते झाकतं. त्या झाकणामुळे मध्यभागी खड्डा राहत नाही, लॅमिनिनच्या वळणाला टेकायला सलग जमीन मिळते.

हे चित्र पाहण्याआधी माझी समजूत अशी होती की घट्ट पकडीसाठी रेणू लवतात, वळतात, एकमेकांभोवती आवळतात. इथे तसं काही होत नाही. निडोजेनची बैठक ताठ आहे. ती आधीपासून तयार असते आणि लॅमिनिनचा आकार तिच्यात नेमका बसतो. लवचिक गोष्टीला कुठे बसायचं तर आधी स्थिर व्हावं लागतं, त्याची किंमत मोजावी लागते. ताठ गोष्टीला ती मोजावी लागत नाही. म्हणून इतक्या लहान संपर्क-पृष्ठावर इतकी जबर पकड शक्य होते.

याच घराण्यातला प्रोपेलर रक्तातलं एलडीएल कोलेस्टेरॉल पेशीत ओढून घेणाऱ्या ग्राहीतही आहे. तिथे मात्र जागा मध्यापासून थोडी सरकलेली आहे आणि पोकळीवरचं झाकणही नाही. पेशीच्या आत आम्लता वाढली की त्या ग्राहीचा प्रोपेलर त्याच ग्राहीच्या दुसऱ्या भागाला धरतो, आणि तिथे बसलेलं एलडीएल सुटतं. म्हणजे सहा पात्यांची एकच घडण एका प्रथिनात कायमचं धरण्यासाठी आणि दुसऱ्यात वेळेवर सोडण्यासाठी वापरली गेली. हाडांच्या घनतेशी संबंध असलेल्या एलआरपी-५ या ग्राहीतही असेच प्रोपेलर आहेत, आणि त्यांतल्या पहिल्यात एका जागी बदल झाला तर माणसाची हाडं असाधारण दाट होतात. निडोजेनची रचना उकलली तेव्हा या तिन्हींकडे एकत्र पाहता आलं, हे त्या कामाचं मोठं देणं आहे असं मला वाटतं.

जी-२ ची गोष्ट आणखी अनपेक्षित. २००१ साली त्याची रचना मिळाली. अकरा पट्ट्यांचं एक पिंप, आणि त्याचा सगळ्यात जवळचा जुळा कोण, तर जेलीफिशमधलं हिरवं चमकणारं प्रथिन, जीएफपी, ज्याने जीवशास्त्राची प्रयोगशाळा बदलून टाकली. घडण तीच, पण जी-२ चमकत नाही. जीएफपीत प्रकाश देणारा जो गाभा तयार होतो तो इथे नाही. पिंपाच्या बाहेरच्या अंगाला जी जागा आहे तिच्यावर पर्लेकॅन बसतं. दोन प्रथिनांच्या क्रमांत फारसं साम्य नसताना आकार इतका जुळावा, याचं आश्चर्य मला अजून ओसरलेलं नाही.

या माहितीवरून आधारपटलाचं जे चित्र तयार झालं ते सरळ होतं. एक जाळं लॅमिनिनचं, दुसरं कोलॅजेनचं, जसं कापड आणि त्याचं अस्तर. आणि निडोजेन म्हणजे दोघांना एकत्र ठेवणारा टाका. १९९१ मध्ये शुद्ध निडोजेन तयार करून प्रयोगनळीत दाखवलंही गेलं की त्याच्यामुळे लॅमिनिन आणि कोलॅजेन-४ जोडले जातात. सगळं जुळत होतं. टाका उसवला तर अस्तर सुटणार, असंच कुणीही म्हटलं असतं.

मग उंदरांमध्ये निडोजेनचं जनुक काढलं गेलं, आणि उंदीर जगले. आधारपटल बनलं, बहुतेक ठिकाणी धडधाकट. निडोजेनला एक भावंड आहे, निडोजेन-२, ते १९९८ मध्ये सापडलं होतं. तेव्हा वाटलं, एकाची जागा दुसरा भरून काढत असेल. एकटं निडोजेन-२ काढलं, तरीही उंदीर ठीक. २००५ मध्ये दोन्ही एकदम काढल्याचा निकाल आला. आता मात्र पिल्लं जन्माच्या आसपास दगावली. फुप्फुसांची शेवटच्या टप्प्यातली वाढ अडली होती, हृदयाच्या ऊती विस्कटल्या होत्या. त्या त्या जागी आधारपटल विरळ किंवा तुटलेलं होतं. पुढे काहींच्या पायांची बोटं जुळलेली राहिल्याचंही दिसलं. पण इतर अनेक अवयवांत, जिथे निडोजेन एरवी हमखास असतं तिथे, पडदा जागेवर होता.

त्याही आधी, २००० साली, सी. एलिगन्स या इवल्या कृमीत हेच पाहिलं गेलं होतं. या कृमीकडे निडोजेनचं एकच जनुक आहे. ते गेलं तरी कृमी जगतो, पिल्लं घालतो, त्याचं कोलॅजेन-४ आपल्या जागी असतं. चुकतं ते वेगळंच: शरीराच्या लांबीने धावणाऱ्या काही मज्जातंतूंची जागा. जे तंतू अमुक कडेने जायला हवेत ते भलतीकडून जातात. आधारपटलावरच्या वाटा ओळखण्यात निडोजेनचा हात होता, आणि टाक्याच्या चित्रात तर वाटेला जागाच नव्हती.

आणि मूत्रपिंडाचं कोडं राहिलंच. २००२ मध्ये निडोजेनला हातही न लावता लॅमिनिनवरची ती एकच जागा, गॅमा-१ चा तो छोटा घटक, उंदरांतून काढला गेला. बहुतेक पिल्लं जन्मताच दगावली आणि अनेकांना मूत्रपिंडच नव्हतं. गर्भात मूत्रपिंडाची सुरुवात ज्या नळीपासून होते तिची लांबी वाढत असतानाच तिच्याभोवतीचं आधारपटल फाटलं होतं. पण दोन्ही निडोजेनं काढलेल्या उंदरांत मूत्रपिंडं तयार होतात. पकडीची जागा काढणं आणि पकडणारा काढणं, याचा परिणाम एकच व्हायला हवा होता. तो होत नाही. त्या घटकाच्या जाण्याने लॅमिनिनच्या हाताची ठेवणही थोडी बदलत असेल, किंवा ती जागा आणखी कशाच्या उपयोगाची असेल. मला स्वतःला पहिली शक्यता जवळची वाटते, कारण हात आखूड झाला की त्याच्या टोकाची गाठही हलणार. पण हे माझं मत आहे.

हे सगळं वाचल्यावर काही जण म्हणतात, निडोजेन म्हणजे दुय्यम प्रथिन. मला हे पटत नाही. शांत, कमी ताणाच्या ठिकाणी लॅमिनिन आणि कोलॅजेन यांना जवळ ठेवणाऱ्या आणखी वाटा आहेत, पर्लेकॅन त्यांतली एक. पण फुप्फुस पहिला श्वास घेतं तेव्हा त्याचा पडदा क्षणात ताणला जातो, आणि हृदय तर अखंड ताणतं, सोडतं. उंदीर नेमके या दोन अवयवांच्या अपयशाने गेले. प्रथिन आवश्यक आहे का, हा प्रश्न अवयवाचं नाव घेतल्याशिवाय विचारणंच चूक आहे, असं मला या प्रयोगांवरून वाटतं. मी कुणाला हा विषय समजावून सांगतो तेव्हा चित्रातला तो ठिपका खोडून तिथे दोन-तीन वेगळी चित्रं काढायला लावतो: फुप्फुसाचं एक, मूत्रपिंडाचं एक, कृमीचं एक.

निडोजेन येतं कुठून, ही गोष्टही चित्रात येत नाही. वाढत्या मूत्रपिंडात आणि फुप्फुसात लॅमिनिन मुख्यतः एपिथेलियमच्या, म्हणजे अस्तराच्या थरातल्या, पेशी बनवतात, तर निडोजेन येतं पलीकडून, संयोजी ऊतीतल्या पेशींकडून. पडदा दोघांच्या हद्दीवर उभा राहतो आणि त्यासाठीचं सामान दोन्ही बाजूंनी येतं. १९९४ मध्ये गर्भातल्या अवयवांचे तुकडे बशीत वाढवून त्यांत अशी प्रतिपिंडं घातली गेली, जी निडोजेन आणि लॅमिनिनची भेट अडवतात. एपिथेलियमची वाढ, फांद्या फुटणं, मंदावलं. म्हणजे एका बाजूच्या पेशींना आकार घ्यायला दुसऱ्या बाजूचं प्रथिन आपल्या लॅमिनिनवर येऊन बसावं लागतं. हद्द कुणा एकाने आखायची नसते, इथे ती दोघं मिळून बांधतात. मला या संशोधनातला हा भाग सर्वांत सुंदर वाटतो.

आता जिथे या पकडीचा उपयोग करून घेतला जातोय तिथे येतो. लॅमिनिनच्या अल्फा-२ साखळीत दोष असेल तर मुलाला जन्मापासून स्नायूंचा गंभीर आजार होतो. स्नायुतंतूंभोवतीचं आधारपटल नीट बसत नाही, आकुंचनाच्या प्रत्येक झटक्याला तंतू झिजत जातात. अनेक मुलं कधीच चालू शकत नाहीत. शरीर अशा वेळी अल्फा-४ साखळीचं लॅमिनिन जास्त बनवून उणीव भरू पाहतं. पण अल्फा-४ ला तो आखूड हातच नाही. त्यामुळे तीन गाठींपैकी एक कायम रिकामी राहते आणि जाळं विणलं जात नाही.

पीटर युर्चेंको यांच्या गटाने यावर एक कृत्रिम प्रथिन रचलं. एका टोकाला लॅमिनिन अल्फा-१ चा आखूड हात, गाठीसकट. दुसऱ्या टोकाला निडोजेनचा जी-३ असलेला भाग. जी-३ आपल्या सवयीने गॅमा-१ वरचा तो एकच घटक शोधतो आणि बसतो. तो घटक लॅमिनिनच्या क्रूसाच्या मधल्या चौकाजवळ आहे, म्हणून हात जिथून निघायला हवा होता त्याच परिसरातून निघतो. रिकाम्या गाठीला तिसरा जोडीदार मिळतो. लॅमिनिनचा मूळ रेणू दुरुस्त न करता त्याच्यावर बाहेरून हात बसवायचा, आणि तो टिकवायला निडोजेनची पकड उसनी घ्यायची. २०१७ मध्ये हे उंदरांत करून दाखवलं गेलं, तेही दोन वेगळ्या प्रकारच्या आजारी उंदरांत. स्नायू सुधारले, आणि जिथे पेशीच्या ग्राहीला धरणारं आणखी एक जोडप्रथिन, मिनी-अ‍ॅग्रिन, सोबत दिलं तिथे अतिशय आजारी उंदरांचं आयुष्यही लक्षणीय वाढलं.

त्या उंदरांत हे प्रथिन जन्माआधीपासूनच बनत होतं, तशी त्यांची जनुकं बदललेली होती. माणसाच्या बाबतीत ते जन्मानंतर पोहोचवावं लागेल, आणि त्यासाठी सध्याचं सर्वांत भरवशाचं वाहन म्हणजे एएव्ही हा निरुपद्रवी विषाणू. त्यात सुमारे ४,७०० अक्षरांचाच डीएनए मावतो. लॅमिनिन अल्फा-२ चा संदेश नऊ हजारांच्या वर आहे, तो मावणं शक्यच नाही. जोडप्रथिनाचा संदेश मर्यादेच्या आत येतो, पण काठोकाठ, कारण त्याला चालू-बंद करणारे तुकडेही त्याच डब्यात बसवायचे असतात. म्हणून सध्या त्या जोडप्रथिनाला आणखी आखूड करण्याचं काम चालू आहे. कोलॅजेन आणि पर्लेकॅनला धरणारा जी-२ चा भागही त्यासाठी कापून पाहिला गेला आहे. सहा पात्यांच्या प्रोपेलरला मात्र हात लावता येत नाही. तो नसेल तर हे प्रथिन लॅमिनिनवर बसणारच नाही.